कुंपण घातलं की बेडूक वाचतो?

'एक मादी हजारो अंडी घालते. जंगल तेवढं राखा, बेडूक-सरडे आपोआप वाढतील. नाहीच जमलं तर प्राणिसंग्रहालयं आहेतच.' हा मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. तीन वाक्यं आहेत, तिन्ही लंगडी.

हजारो अंडी? न्यूझीलंडच्या तुआताराची, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याची, मादी दोन ते पाच वर्षांतून एकदा अंडी घालते आणि पिल्लू बाहेर यायला वर्ष उलटतं. त्यातही जमीन तापली की नरच जास्त निपजतात. टांझानियातल्या किहान्सी दरीतला भेक, म्हणजे एक चिमुकला बेडूक, तर अंडी घालतच नाही, थेट पिल्लं देतो!

राखलेल्या जंगलाची गोष्ट कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्देत घडून गेली आहे. तिथे 1987 साली सोनेरी भेक दीड हजारांवर दिसले होते, 1989 मध्ये एकच नर दिसला आणि त्यानंतर कुणीच नाही. जंगल संरक्षितच होतं. कारण दुष्काळ की कायट्रिड बुरशी, यावर वाद आहे. कुऱ्हाड मात्र नव्हती. बेडूक कातडीनेच पाणी पितो, श्वासही बराचसा कातडीनेच घेतो. ही बुरशी नेमकी कातडीत शिरते, रक्तातले क्षार ढासळतात आणि हृदय थांबतं. 2019 च्या एका अभ्यासानुसार तिच्यापायी किमान 501 उभयचर प्रजाती घटल्या, त्यांतल्या 90 बहुधा नामशेषच झाल्या. कुंपणाने ती अडायची कशी?

प्राणिसंग्रहालयांनी जीव वाचवलेत, हे मान्य. पण 'आहेतच' म्हणण्याइतकं ते स्वस्त नाही. किहान्सीचा भेक बोटाच्या पेराएवढा, आणि त्याचं सगळं जग म्हणजे धबधब्याच्या तुषारांनी भिजलेला काही एकरांचा तुकडा. 2000 मध्ये धरणाने पाणी वळवलं, तुषार थांबले. 499 भेक अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेले गेले; इकडे दरीत तुषारांसाठी नळ्या टाकल्या, तरी 2009 मध्ये तो निसर्गातून नामशेष ठरला. 2012 मध्ये त्याला दरीत परत सोडायला सुरुवात झाली, पण घरी परतूनही त्याला नळ्यांचेच तुषार.

हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरच्या निळ्या शेपटीच्या सापसुरळीला तर तेही नशीब नाही. पिंजऱ्यात ती छान वाढली. पण तिला संपवणारा, बाहेरून आलेला कवड्या साप बेटावर अजून आहे, म्हणून तिची पिल्लं दूरच्या कोकोस बेटांवर नेऊन सोडावी लागली.