हो, पोरं खिचडी खायलाच येतात

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं, "महापालिकेच्या शाळेत पोरं शिकायला कुठे जातात, खिचडी खायला जातात." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. गोवंडीत बावीस वर्षं प्राथमिकला शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. तिथे वाद घातला नाही, इथे लिहिते.

जातात. खायलाच जातात. मग?

आमचं सत्र सकाळी सातचं. निम्मा वर्ग चहा-खारीवर, काही तर कोऱ्या चहावर आलेले. दुसऱ्या तासाला हातच्याची वजाबाकी घेतली की, "बाई, पोटात दुखतंय." भूक लागलीय असं कुणी म्हणत नाही, लाज वाटते. तोच पोरगा खिचडी खाऊन आला की फळ्यापाशी येऊन खडू मागायचा. शेवटी मी गणित मधल्या सुट्टीनंतर घ्यायला लागले आणि वेळापत्रक मोडलं म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली. सोमवारी बचत गटाच्या ताईंना पातेलं पार तळापर्यंत खरवडावं लागायचं. रविवारी शाळा नसते ना!

हा नुसता माझा अनुभव नाही. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन या अर्थतज्ज्ञांनी 'असर' या शिक्षण-सर्वेक्षणाची आकडेवारी तपासून २०१९ मध्ये अभ्यास छापला. प्राथमिकला पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभरही न मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त होते. गणिताचे ९ टक्क्यांनी. खिचडी काही पाढे शिकवत नाही, मान्य. रिकाम्या पोटांना मलाही ते शिकवता येत नाहीत.

आता खिचडीबद्दल. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असा नियम आहे. पिवळ्या पाण्यात डाळ शोधताना मला तो हमखास आठवायचा. (जेवण चाखून शेरा लिहायच्या चव रजिस्टरमध्ये मात्र रोज 'उत्तम'. सही माझीही आहे.) म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं ठरलं तेव्हा बरं वाटलं होतं. त्या दिवशी पटावरची झाडून सगळी पोरं हजर! जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्याचा निधी काढून घेतला. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या म्हणे.

आमच्या शाळेचे 'लोक' म्हणजे देवनारला कचरा वेचणारे, नाक्यावर कामाची वाट बघणारे. त्यांच्याकडे अंड्यांची वर्गणी मागायला माझी जीभ रेटेना. आम्ही शिक्षकांनीच दोन महिने पैसे काढले. तिसऱ्या महिन्यात दोघांची बदली झाली आणि तेही थांबलं.