दुतोंड्या मारुतीचं दुसरं तोंड

पावसाळ्यात पंचवटीतल्या घरी फोन लावला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: पाणी कुठवर आलं? आई सांगते, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. नाशिककराला पूर असाच मोजता येतो.

माझ्या भाचीने याच मोजमापाचं चित्र केलं. प्रोसेसिंग या चित्रं काढण्याच्या संगणकभाषेत कोड लिहिला: दीडशे आडव्या रेघा, पाणी मारुतीच्या जितकं वर चढेल तितका रेघांना जास्त हेलकावा. प्रोग्रॅम चालवाल तेव्हा नवा पूर. तिच्या चित्रकलेच्या सरांनी प्रिंट पाहून विचारलं, "यात तुझा हात कुठे आहे?" त्याच आठवड्यात घाटाजवळ कुंभमेळ्याचा एक फ्लेक्स लागला, एआयकडून करून घेतलेला. पायऱ्या थेट काशीच्या आणि मारुतीला तोंड एकच! घरी मात्र दोन्हींना एकच नाव पडलं, "एआयची चित्रं". याचं मला फार वाईट वाटलं.

मी जर्मनीत स्टुटगार्टला राहते. इथे १९६५च्या फेब्रुवारीत गेओर्ग नेस यांनी संगणकाने काढलेली रेखाचित्रं मांडली, तेव्हा जमलेले चित्रकार असेच चिडले होते. नेस यांचं पुढचं एक चित्र आहे, नाव 'खडी' या अर्थाचं. आडवे १२, उभे २२ चौकोन. वरच्या ओळी शिस्तीत, खाली उतरताना एकेक चौकोन कलंडत जातो, तळाशी नुसता ढीग. कुठला चौकोन किती कलंडेल हे रँडम आकड्यांवर सोडलेलं, पण ढळणं खाली वाढत जावं हे नेस यांनीच ठरवलं. हात तिथे आहे. भाचीचाही तिथेच आहे, कारण कमरेच्या पाण्याला रेघ किती हलावी हे तिने आजीला विचारून ठरवलं.

फ्लेक्सवाल्याने कुणालाच विचारलं नाही. ती पायरी, तो प्रकाश कुणाकुणाच्या चित्रांतून शिकून आला, ते तो सांगू शकत नाही. सरांनी खरं तर त्याला धरायला हवं होतं.

इकडे आता वाद हाताचा राहिलेला नाही, परवानगीचा आहे. युरोपच्या कायद्यानुसार 'माझं काम एआयला शिकवायला वापरू नका' असं यंत्राला वाचता येईल अशा रीतीने नोंदवता येतं. म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही. स्वतःचा फोटो एआयसाठीच्या चित्रसंचात घेतला म्हणून एक छायाचित्रकार हॅम्बुर्गच्या न्यायालयात गेला आणि २०२४मध्ये हरला. संशोधनासाठीची सवलत आडवी आली. तरी निदान भांडण योग्य माणसाशी झालं.

सरांची गोदाघाटाची जलरंगातली चित्रं वर्षानुवर्षं नेटवर उघडी पडली आहेत. त्यांच्या साइटवर ती मनाईची ओळ घालून द्यायला मी भाचीला सांगितलंय. रविवारी ती लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. पुराची प्रिंटही सोबत नेणार आहे.