बालवाडीतल्या मावशी म्हणजे जादा खर्च नव्हे

वडोदऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज या आठवड्यात तीनदा आला. म्हणणं असं: शिक्षिका असताना बालवाडीत वेगळ्या मावशी कशाला? ते काम कोणालाही जमतं, मावशींमुळे मुलं परावलंबी होतात, रडणारं मूल आपोआप गप्प होतं. तो पगार वाचवा आणि फी कमी करा. मी इथे ११ वर्षं बालवाडीत शिकवलं आहे. मला यातलं काहीच पटत नाही.

शिक्षिका एकटी पुरते? समोर २२ मुलं, गोष्ट रंगात आलेली, आणि एकाची चड्डी ओली होते. त्याला नेऊन, धुऊन, कोरडं करून कपडे बदलायला दहा मिनिटं जातात. घाई केली तर ते लेकरू लाजून आकसतं. तोवर बाकीच्या २१ जणांकडे कोण बघणार? राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने खासगी प्लेस्कूलसाठी २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक काळजीवाहक सांगितली आहे, ती याचसाठी.

कोणालाही जमतं, हे तर मला लागलंच. माझ्या पहिल्या वर्षी तीन वर्षांची एक गुजराती मुलगी ‘भू, भू’ करत रडत होती. आपल्याकडे भूभू म्हणजे कुत्रा, म्हणून मी तिला भिंतीवरचं कुत्र्याचं चित्र दाखवलं. ती आणखीच रडायला लागली. मावशींनी येऊन पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. गुजराती घरांत लहान मुलं पाण्याला भू म्हणतात. कोण डबा न उघडताच परत नेतो, कोणाला पेंगताना दुसऱ्याचा कान धरायला लागतो, हेही मावशींनाच ठाऊक असायचं. गुजरातच्या अंगणवाड्यांत मदतनीस बाईंना तेडागर म्हणतात. तेडवुं म्हणजे कडेवर उचलून घेणं. १९७५ साली सुरू झालेल्या बालविकास योजनेत सेविकेच्या जोडीला मदतनीस धरलेली आहे. पुष्कळ मावशींना प्रशिक्षण मिळत नाही हे खरं. मग ते द्या ना!

परावलंबी कसली? आमच्या मावशी बूट घालून देत नसत. टाच तेवढी धरायच्या, पट्टा मुलानेच लावायचा. घाईत बूट घालून मोकळी व्हायचे ते मी.

आणि रडून रडून थकलेलं मूल गप्प होतं, त्याला धीर आलेला नसतो. रोज तीच व्यक्ती जवळ घेणारी असली की त्याला आपलं माणूस सापडतं. इंग्लंडमध्ये बालशाळांना प्रत्येक मुलासाठी अशी एक ठरलेली व्यक्ती नेमावीच लागते.

फी परवडत नाही ही तक्रार मात्र खरी आहे. शाळेकडे हिशेब मागाच. आमच्याकडे स्नेहसंमेलनाचा मांडव आणि भाड्याचे पोशाख यांवर एका संध्याकाळी जेवढे पैसे जायचे, तेवढ्यात मावशींचे चार महिने निघाले असते.