आधी मंजूर, मग रद्द

कॉलेजातला माझाच विषय मला मागे घ्यायचा होता. शेजारणीकडून आपला डबा परत आणावा इतकं साधं काम, असं मी समजत होते.

'पाट्यांची मराठी' हा तो विषय. दोन क्रेडिट. क्रेडिटला पंधरा तास, म्हणजे एकूण तीस. नाशिकच्या मेन रोडपासून रविवार कारंजापर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत जायचं नि भाषेची नाडी बघायची. मे महिन्याची सगळी सुट्टी मी यात घातली. अभ्यास मंडळात बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी एकच दुरुस्ती सुचवली: निष्पत्तीत, म्हणजे शिकून मुलांना काय येईल त्या यादीत, 'समजणे' हे क्रियापद चालणार नाही, कारण समजणं मोजता येत नाही. 'ओळखणे', 'वर्गीकरण करणे' असं लिहा. (बावीस वर्षं शिकवतेय. शेवटच्या बाकावर किती समजलंय ते मी फळ्याकडे तोंड करूनही मोजते.) लिहिलं.

नवीन शैक्षणिक धोरणात ऐच्छिक विषयांची टोपली असते, तीतून मुलांना निवड असते. मुलांनी योग निवडला. माझ्याकडे आठ उरली. वरून निरोप आला, मागे घ्या.

गेले कार्यालयात. भाऊसाहेब चिवडा खात होते. त्यातले शेंगदाणे वेचून रद्दच्या कोऱ्या अर्जावर रांगेत मांडत होते.

"कोड टाका, मॅडम."

"कोड मिळालाच नाही अजून."

"मग विषय मंजूर नाही."

"मंडळानं केलाय की!"

"मंडळानं केला. विद्या परिषदेच्या इतिवृत्तावर सही व्हायचीय. तोवर विषयच नाही."

"नाही ना? मग मिटलं. येते मी."

"अशा कशा जाता? वेळापत्रकात आहे ना तो! तिथून काढायला रद्दचा अर्ज लागतो. अर्जाला कोड लागतो." एक शेंगदाणा त्यांनी तोंडात टाकला. "आधी मंजूर करून घ्या. मग सावकाश रद्द करू."

माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. चिवड्याचा कागद पुढे सरकवला.

"मनाला लावून घेऊ नका. २०१५च्या सिंहस्थात एका सरांनी असाच विषय रद्द करायला दिलेला. आता पुढचा सिंहस्थ आला. सर रिटायर झाले. विषय आहे अजून."

हे त्यांनी धीर देण्यासाठी सांगितलं.

मी हसले, पण पोटात कालवलं. या तीस तासांतले निम्मे तास आमच्या तासिका तत्त्वावरच्या पोरीचे होते. तिला तासावर पैसे मिळतात. तास गेले हे तिला कळवायला ना कोड लागला, ना इतिवृत्त, ना कुणाची सही. एका फोनवर झालं. तोही मलाच करायला लावला.

शेवटी मंजुरीचा अर्ज पुन्हा भरला, रद्दचाही भरला, कोडची जागा कोरी ठेवून. कारणाच्या रकान्यात रागारागानं लिहिलं, 'विद्यार्थ्यांना या विषयाचे महत्त्व समजले नाही.'

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. बोट त्या ओळीवर ठेवलं.

"मॅडम, 'समजणे' चालत नाही ना?"