शरीराला चालणं वेगळं, टिकणं वेगळं

'सिरॅमिक शरीराला चालतं, म्हणून हे इम्प्लांट आयुष्यभर टिकतं' हे सिरॅमिकच्या दंत-इम्प्लांटवरच्या (पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायच्या कृत्रिम मुळावरच्या) लेखातलं वाक्य खटकलं. पहिला अर्धा भाग खरा आहे. झिर्कोनिया, म्हणजे या इम्प्लांटचं सिरॅमिक, गंजत नाही, हाड त्याला चांगलं धरतं, हिरडीही शांत राहते. पण त्यावरून दुसरा भाग सिद्ध होत नाही. १९७० च्या दशकात जर्मनीत ट्युबिंगन शहरात अ‍ॅल्युमिना या दुसऱ्या सिरॅमिकची इम्प्लांट्स बसवली गेली. हाडाशी त्यांचं उत्तम जमलं, तरी ती मोडायची, आणि शेवटी मागे पडली. झिर्कोनिया पुष्कळ चिवट, पण ओलाव्यात त्याच्या स्फटिकांची रचना हळूहळू बदलू शकते आणि पृष्ठभागावर बारीक तडे जातात. कृत्रिम खुब्यातले झिर्कोनियाचे गोळे फुटू लागल्याने २००१ मध्ये परत मागवावे लागले होते; मूळ कारण निघालं भट्टीतल्या भाजणीतला बदल! म्हणजे पदार्थ तोच, घडवण्यात फरक.

माझी आई झोपेत दात खाते. पहिल्या डॉक्टरांनी ते विचारलंच नाही, थेट सिरॅमिकचं माहितीपत्रक हातात दिलं. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी तिच्या झिजलेल्या दाढा पाहिल्या आणि टायटॅनियम धातूचं इम्प्लांट सुचवलं. सिरॅमिक वाकत नाही, एकदम तुटतं, आणि हाडात अडकलेला तुकडा काढताना हाडही कोरावं लागतं, हे त्यांनी नीट समजावलं. लेखकांनी निदान दात खाण्याच्या सवयीबद्दल दोन ओळी लेखात घालाव्यात, ही कळकळीची विनंती.