प्रमाणपत्र आषाढात द्या

हरिहर गडाच्या पायऱ्यांचं रील एव्हाना सगळ्यांनी पाहिलं असेल. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या, हात अडकवायला खोबण्या, खाली पाहिलं की पोटात गोळा. पण निरगुडपाड्यापासून त्या पायऱ्यांपर्यंत जी मातीची वाट जाते, तिचं रील कुणी काढल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही गर्दीच्या गडावर पावसात एकदा मान खाली घालून चाला. वाटेचा ओहळ झालेला असतो. ओहळात पाय नको म्हणून लोक कडेने चालतात, कडेचं गवत मरतं, पुढच्या वर्षी तिथे दुसरा ओहळ.

गेली काही वर्षं मी कॉलेजच्या पोरापोरींच्या टोळ्या घेऊन त्र्यंबकच्या रांगेत पायवाटा दुरुस्त करतोय. वनखात्याची परवानगी, सोबत वनरक्षक, पाड्यावरची दोन जाणती माणसं आणि बारा-पंधरा पोरं. डोंगराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी पायथ्याला पन्नास गाड्या.

पहिल्या वर्षीची गोष्ट सांगतो, कारण चूक माझी होती. डिसेंबर महिना. उताराची वाट, मधोमध गुडघाभर खोल चर पडलेली. आम्ही चार दिवस खपून वाटेत दगडांच्या सात ओळी बसवल्या. पाणी त्यांना अडेल, असा माझा हिशोब. फोटो झक्क आले. शेवटच्या संध्याकाळी भाषणं झाली, प्रमाणपत्रं वाटली, बस भरून नाशकात परत.

जुलैत मी सहज एकटा गेलो. सातपैकी पाच ओळी गाळाने भरून सपाट झालेल्या, आणि पाणी त्यांना वळसा घालून बाजूची माती खात निघालेलं. म्हणजे पूर्वी चर एक होती, आता दोन. गुरं घेऊन चाललेले एक म्हातारे बाबा थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाण्याला आडवं जाऊ नये, त्याला वाट दाखवावी."

ओळी मी वाटेला काटकोनात घातल्या होत्या. त्या तिरक्या हव्यात, म्हणजे पाणी न थांबता घसरत दरीच्या कडेला उतरतं आणि जाता जाता गाळही घेऊन जातं. दगड नुसता ठेवायचा नाही, पुरायचा: दोन हिस्से जमिनीत, एक हिस्सा वर. आणि वाटेचा पृष्ठभागच दरीच्या बाजूला अगदी किंचित कलता ठेवायचा, चालणाऱ्याला कळणारही नाही इतका. कामाला पायवाट-दुरुस्ती म्हणतात, पण काम सगळं पाण्याचं.

पुढच्या वर्षी टोळीत हरसूलकडची एक मुलगी होती. पहिले दोन दिवस गप्प. शहरातली पोरं कडेला आधाराची भिंत रचत होती, दगडाचं चांगलं तोंड बाहेर, दिसायला देखणं. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. "सर, असं नाही. लांब बाजू आत घाला. आमच्याकडं पौळ अशीच घालत्यात." पौळ म्हणजे दगडावर दगड रचून घातलेली कुंपणाची भिंत. तिने एक दगड उचलला, फिरवला, बसवला, फटीत चिप मारली आणि त्यावर उभी राहून दोनदा नाचली. दगड हलला नाही. त्या क्षणापासून त्या भिंतीची मुकादम ती. मी घमेली वाहिली.

टोळी चालवणं म्हणजे निम्मं हेच, की कुणाला काय येतं ते ओळखून आपण बाजूला होणं. उरलेलं निम्मं कंटाळवाणं आहे आणि त्यात तडजोड नाही. दोघांमध्ये हात आणि कुदळ मिळून होईल त्याहून जास्त अंतर. चालताना कुदळ खांद्यावर नाही, हातात, दरीच्या बाजूला. पहारीने दगड हलवायचा तर खाली उतारावर एकही माणूस नको, फोटोवाला तर नकोच. दुपारी नागलीची भाकरी आणि ठेचा, आणि बारानंतर कोण हेलपाटतंय ते बघत राहायचं, कारण विसाव्या वर्षी कुणी स्वतःहून "दमलो" म्हणत नाही.

आता मुद्द्यावर येतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. तिचं विशेष शिबिर सात दिवसांचं, आणि आपल्याकडे ते बहुतेक हिवाळ्यात होतं. हिवाळ्यात केलेली वाट सुंदरच दिसते. तिची परीक्षा पावसात असते, आणि तेव्हा परीक्षार्थी हजर नसतो. पोरं आयुष्यभर समजत राहतात की आपण डोंगराचं भलं केलं. माझ्या पहिल्या टोळीतले निम्मे अजून तसंच समजतात. त्यांना फोन करून सांगायचं धाडस मला झालेलं नाही.

अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३३ ते १९४२, बेकार तरुणांच्या तुकड्यांनी जंगलातल्या वाटा बांधल्या. महिना ३० डॉलर, त्यातले साधारण २५ परस्पर घरी. भरती सहा महिन्यांची, पुढे वाढवता यायची. सहा महिने एका डोंगरावर राहिलं की आपली चूक आपल्याच पायाखाली येते. आपण महाराष्ट्राने तर १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. पाड्यावरच्या पोरांना मजुरी देऊन त्यांच्याच डोंगराच्या वाटा का सोपवू नयेत? हौशी लोकांनी त्यांच्या हाताखाली काम करावं. पण ते पुन्हा कधीतरी.

हिवाळ्याची आणखी एक गंमत. त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या नावानेच ओळखलं जाणारं एक कंदीलपुष्प आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. पावसाळ्यात उगवतं, फुलतं आणि मग जमिनीवर त्याचं नामोनिशाण नसतं, कंद तेवढा मातीत. डिसेंबरात आपण वाटेची माती उपसून "मोकळ्या" जागेवर फेकतो. ती जागा मोकळी आहे हे कुणी ठरवलं?

ही वाहून गेलेली माती जाते कुठे, तेही बघा. ब्रह्मगिरीच्या पूर्वेची गोदावरीतून नाशिकच्या गंगापूर धरणात. धरणाची मूळ क्षमता ७२०० दशलक्ष घनफूट. गाळ साचून आज ५६३० च्या घरात. सगळा दोष पायवाटांचा नाही, पण आपल्या नळाचं पाणी त्याच उतारावरून येतं.

म्हणून आता माझा एकच नियम आहे. डिसेंबरात काम, प्रमाणपत्र आषाढात, त्याच वाटेवर, भर पावसात. जो येणार नाही त्याला कागद नाही. एका कॉलेजने यावर "हजेरीचं गणित जमत नाही" म्हणून नकार दिला. ठीक.

गेल्या आषाढात चौदापैकी नऊ आले. रेनकोट फुकट गेलेले, पायात जळवा शोधत ओरडाआरडा. एक जण आपण बसवलेल्या तिरक्या ओळीपाशी उकिडवा बसला होता. ओळीच्या तोंडाशी पालापाचोळा अडकून पाणी तुंबायला लागलं होतं. त्याने काठीने थोडं उकरलं, मग काठी टाकून हातानेच ओढून काढलं. तुंबलेलं लाल पाणी भस्सकन दरीकडे गेलं. तो तिथेच बसून राहिला, पुढचा पाला कधी येतो बघत. प्रमाणपत्र घ्यायला त्याला तीनदा हाक मारावी लागली.