शिक्का कुणासाठी?

पुन्हा तेच! तेरा पूर्ण झालेल्या भाचीला घेऊन रविवारी फोंड्याहून पणजीला गेलो. सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचा शिक्का 'यूए १३+', म्हणजे तेराखालच्यांनी आईबापांच्या सल्ल्यानेच बघावा असा, म्हणून निर्धास्त होतो. अर्ध्या तासात गळे चिरायला सुरुवात. शिवी तेवढी म्यूट, रक्त जरा काळपट. परतताना पोर बाणस्तारीपर्यंत गप्प, मग म्हणाली, "मामा, त्या बाईला एवढा वेळ का मारत होते?"

काय सांगू तिला? 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचा शिक्का लागला की अठराखालचं गिऱ्हाईक कायद्यानेच बाहेर. घरातली चार तिकिटं एका अक्षरापायी जातात, टीव्हीवर दाखवायची वाटही अडते. शेकडो कोटी ओतलेला निर्माता ते कशाला सोसेल? म्हणून चार सेकंद कापायचे, क्रूरपणा तसाच ठेवायचा आणि खालचा शिक्का मिळवायचा. अमेरिकेत १९८४ साली 'पीजी-१३' हा तेराखालच्या मुलांच्या आईबापांना सावध करणारा शिक्का आल्यापासून मोठे स्टुडिओ हाच हिशेब मांडत आलेत. आपल्याकडे २०२४ मध्ये 'यूए'चे ७, १३, १६ असे तुकडे झाले, तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. पण तोही नुसता सल्ला, दारावर कोणी अडवत नाही. आणि ज्या शिक्क्यावर विसंबून आईबापांनी ठरवायचं, तोच घासाघीस करून मिळवलेला!